सहा न्यायचे, चार उतरवायचे

मागच्या अंकात 'पोकेमॉन चॅम्पियन्स' या येऊ घातलेल्या गेमचा दोन ओळींत उल्लेख केला होता. त्यावर या खेपेला आलेली बहुतेक पत्रं एकाच प्रश्नाची आहेत : कोणते सहा घ्यायचे? ज्यांना ही भानगड नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २७ फेब्रुवारी २०२५ ला हा गेम जाहीर झाला. तो निन्टेंडोच्या स्विचवर आणि मोबाइलवर येणार आहे. गोष्ट नाही, जंगलात भटकणं नाही, नुसत्या लढती. मधली काही वर्षं गायब असलेलं मेगा इव्होल्यूशन (हातात मेगा स्टोन असलेला पोकेमॉन लढतीपुरतं दांडगं रूप घेतो ते) त्यात परत येतंय आणि सॅन फ्रान्सिस्कोची २०२६ ची जागतिक स्पर्धा याच गेमवर व्हायची आहे. स्पर्धेत लढत दुहेरी असते, म्हणजे दोन्हीकडून दोन-दोन मॉन (पोकेमॉन) मैदानात. टीम सहाची, पण समोरच्याचे सहा पाहून आपल्यातले चारच उतरवायचे. सगळ्यांची लेव्हल ५०, आणि एका टीममध्ये एकच आयटम, म्हणजे हातात धरायची वस्तू, दोघांना देता येत नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे उत्तरांत आकडे येतील. नको असतील त्यांनी सरळ पाचव्या पत्रावर जावं.

ताई, मी अकरावीत आहे. मी आत्ताच टीम पक्की केलीय : चारिझार्ड, कंगास्खान, गेंगार, सॅलमेन्स, ड्रॅगोनाइट, गार्चॉम्प. पहिल्या चौघांना मेगा स्टोन. पहिल्या दिवसापासून जिंकायचंय. कशी आहे? – चिंचवड

अरे, सहाही नावं मोठी आहेत, पण टीम झालेली नाही. एका लढतीत मेगा एकदाच होता येतं. चौघांच्या हातात मेगा स्टोन दिलास, त्यातले दोघे उतरवलेस तर एक मेगा होणार आणि दुसरा रिकाम्या हातानं लढणार. स्टोनचा उपयोग मेगा होण्यापुरताच. त्याच हातात बेरी असती तर मॉन आणखी एक फटका झेलून उभा राहिला असता. दोन मेगा ठेवणं शहाणपणाचं असतं, कारण समोरची टीम पाहून आज हा की तो हे ठरवता येतं. तिसरा आणि चौथा म्हणजे चैन.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. सॅलमेन्स, ड्रॅगोनाइट आणि गार्चॉम्प, तिघांनाही बर्फाचा मार चौपट लागतो. पहिले दोघे ड्रॅगन आणि फ्लाइंग या प्रकारांचे, तिसरा ड्रॅगन आणि ग्राउंड. समोर अलोलाची नाइनटेल्स आली की बर्फ सुरू होतो, बर्फात ब्लिझार्ड चुकत नाही, आणि ब्लिझार्ड दोघांनाही लागतो. दोघांवर पडणाऱ्या चालीचा जोर पाऊणपट होतो हे खरं, पण चौपटीपुढे त्या पावपट सवलतीचं काय घेऊन बसलास? निम्मी टीम एकाच चालीला हात जोडून उभी आहे.

तिसरं म्हणजे, काम कोण करणार? सगळे मारणारे आहेत. कंगास्खानचा फेक आउट सोडला तर समोरच्याला एक डावही थोपवणारा कुणी नाही. कबड्डीत सातही चढाईबाज घेऊन कुणी उतरत नाही, कोपरा धरणारे लागतात. मी तुझ्या जागी असते तर चारिझार्ड, कंगास्खान आणि गार्चॉम्प ठेवले असते. बाकी तिघांची जागा कुणाला द्यायची ते पाचव्या पत्रात सांगतेय.

मी कामानिमित्त बंगळुरात असतो. 'पोकेमॉन एक्स-वाय'च्या काळात खूप खेळलो, मग सोडलं. मेगा परत येतंय म्हणून पुन्हा सुरू करतोय. कोणत्या मेगावर भरवसा ठेवू? 'लेजंड्स : झेड-ए' या गेममधला नवा मेगा ड्रॅगोनाइट कसा? – मूळ कोल्हापूर

तुमच्या डोक्यात २०१३ ते २०१५ चे नियम असणार. त्यातले दोन आधी पुसून टाका.

पहिला नियम वेगाचा. एक्स-वायमध्ये ज्या डावात मेगा व्हायचात त्या डावात जुनाच वेग धरला जायचा, नवा वेग पुढच्या डावापासून. सातव्या पिढीत, म्हणजे 'सन-मून' या गेमपासून, हे बदललं आणि मेगा झाल्या झाल्या नवा वेग लागू झाला. कागदावर ही एक ओळ दिसते, पण बीड्रिलसारख्याचं त्यानं नशीबच पालटलं. त्याचा मूळ वेग ७५, मेगा झाल्यावर १४५. जुन्या नियमात तो पहिल्याच डावात मार खाऊन आडवा व्हायचा. मेटाग्रॉस ७० वरून ११० ला जातो, सॅलमेन्स १०० वरून १२० ला. नव्या गेमनं सातव्या पिढीचाच नियम धरला, आणि मला तसंच वाटतंय, तर असे उडी मारणारे मेगा तुमच्या आठवणीतल्यापेक्षा चांगले निघतील. चारिझार्ड वाय (चारिझार्डच्या दोन मेगा रूपांपैकी एक) आधीही १०० आणि नंतरही १००, त्याला याचं सोयरसुतक नाही.

दुसरा नियम कंगास्खानचा. आईबरोबर पोटातलं पिल्लूही मारतं, ती पेरेंटल बाँड. तुमच्या काळात पिल्लाचा फटका आईच्या निम्मा होता, म्हणजे एकूण मार दीडपट. सातव्या पिढीत पिल्लाचा फटका पावपट केला, एकूण सव्वापट. सॅलमेन्सच्या एरिलेटचंही (नॉर्मल चाली फ्लाइंग करून त्यांचा जोर वाढवणारा गुण) तेच झालं, ३० टक्के वाढ होती ती २० वर आणली. तेव्हा ज्या दोघांनी तुम्हाला छळलं ते दोघे आता तितके माजलेले नसतील. तरी कंगास्खान मी सोडणार नाही. हल्ला १२५, वेग १००, अंगाला चिवट, वर फेक आउट. सव्वापटीवरही तिला जागा आहे.

आता ड्रॅगोनाइट. झेड-एमधली लढाई पळत-पळत, घड्याळावर चालणारी आहे आणि त्यात अबिलिटी, म्हणजे मॉनचा अंगचा खास गुण, हा प्रकारच नाही. त्यामुळे तिथे नव्यानं आलेल्या मेगा ड्रॅगोनाइट, व्हिक्ट्रीबेल, हॉलूचा, मालामार या मंडळींचे पट्टे आणि पंख आपण पाहिले, पण अबिलिटी कुठली ते तिथे कळायला वावच नव्हता. आणि मेगाचं निम्मं मोल अबिलिटीत असतं. गेंगारची शॅडो टॅग, म्हणजे समोरच्याला मैदान सोडू न देणारी अबिलिटी, काढून घ्या, की उरतो तो वेगवान पण ठिसूळ भूत. मविलचा मूळ हल्ला मेगा झाल्यावरही १०५ च, पण ह्यूज पॉवर तो दुप्पट करते म्हणून तिला लोक घाबरतात. ड्रॅगोनाइटची अबिलिटी जाहीर होईल त्या दिवशी मला पुन्हा लिहा. तोवर त्याच्यावर एकही पैज लावू नका, चित्र कितीही देखणं असू दे.

माझा तेरा वर्षांचा मुलगा म्हणतो, सगळ्यात वेगवान सहा घेतले की झालं. त्याचे बाबा म्हणतात असं कुठे असतं. जेवणाच्या टेबलावर रोज हाच वाद. कोणाचं खरं? – न्यू जर्सी

अहो, बाबांचं. पण मुलाला नुसतं 'नाही' म्हणू नका, हे गणित त्याच्याच हातानं करू द्या.

आजवरच्या नियमांत लेव्हल ५० ला पूर्ण सराव दिलेल्या मॉनचा वेग काढायला मूळ आकड्यात ५२ मिळवायचे. स्वभाव वेगाला पूरक असला तर आलेल्या बेरजेत दहा टक्के वाढ, खालचा अपूर्णांक सोडून. स्कार्लेट-व्हायोलेटमधल्या फ्लटर मेनचा मूळ वेग १३५. १३५ आणि ५२ झाले १८७, वर दहा टक्के, २०५. भारीच. आता समोरच्यानं टेलविंड लावला. चार डाव त्याच्या बाजूच्या सगळ्यांचा वेग दुप्पट. मूळ वेग फक्त ५१ असलेल्या, स्वभावाचीही मदत नसलेल्या मॉनचे होतात १०३, दुप्पट २०६. संपलं. तुमच्या मुलाचा वीर दुसरा. त्यानं वेगापायी सोडून दिलेली जाडी आणि ताकद मात्र त्या ५१ वाल्याकडे शाबूत आहे.

आणि ट्रिक रूम लागली तर सगळंच उलटं, हळू असेल तो आधी मारतो. मला स्वतःला अशाच टीम आवडतात. मेगा कॅमरप्टचा वेग मेगा झाल्यावर वाढत नाही, उलट ४० वरून २० वर येतो. बाहेर हसू येईल असा आकडा, पण ट्रिक रूममध्ये त्याच्या आधी जवळजवळ कुणीच मारू शकत नाही, आणि त्याचा विशेष हल्ला १४५. अडचण एकच, ट्रिक रूम ही चाल डावात सगळ्यात शेवटी लागू होते. ती लावणारा तोवर जगला पाहिजे. म्हणून बाजूला फेक आउटवाला नाहीतर मार स्वतःकडे ओढून घेणारा लागतो. ट्रिक रूमच्या पाच डावांतला एक ती लावण्यातच जातो, हेही मुलाला सांगा, नाहीतर तो उद्यापासून सहाच्या सहा कासवं घेईल.

टीम घ्यायच्या आधी 'माझे वेगवान कोण' यापेक्षा 'वेग कोणाच्या ताब्यात राहणार' हे विचारायचं. टेलविंड, ट्रिक रूम, ऊन-पाऊस, नाहीतर समोरच्याला लुळा करणारी वीज, यातलं काहीतरी एक टीममध्ये पाहिजेच.

इनसिनरोअरचा मला कंटाळा आलाय. दर वर्षी तोच. नव्या गेममध्ये तरी तो मागे पडेल असं वाटतं का? – नाशिक

तुमच्या कंटाळ्याशी मी सहमत आहे. पण तो असला, तर मागे पडणार नाही.

त्याचा एक डाव बारकाईनं बघा. मैदानात पाय ठेवताच इंटिमिडेट लागतं आणि समोरच्या दोघांचा हल्ला दोन तृतीयांशावर येतो, एकही चाल न खर्चता. पहिल्या डावात फेक आउट : समोरचा एक जण डावभर गप्प. तेवढ्यात जोडीदारानं आपलं काम उरकलं. दुसऱ्या डावात पार्टिंग शॉट : जाता जाता समोरच्याचा हल्ला आणि विशेष हल्ला आणखी एकेक पायरी खाली, आणि आपला दुसरा मॉन आत. दोन डावांनी इनसिनरोअर पुन्हा येतो, पुन्हा इंटिमिडेट, पुन्हा फेक आउट. आग आणि डार्क या दोन प्रकारांमुळे तो खूप काही झेलतो, आणि वेग ६० असल्यामुळे अनेकदा समोरच्याचा मार खाऊन मगच निघून जातो, म्हणजे आत येणाऱ्याला तो मार लागत नाही. इथे हळू असणं फायद्याचं. २०१८ साली त्याला इंटिमिडेट मिळालं आणि तेव्हापासून ज्या ज्या नियमांत त्याला परवानगी होती त्यातल्या बहुतेक ठिकाणी तो दिसलाच.

मेगा आल्यावर तर त्याची किंमत वाढेल, कमी होणार नाही. कंगास्खान, सॅलमेन्स, मेटाग्रॉस, मविल, सगळे अंगानं मारणारे. त्यांचा हल्ला फुकटात कमी करणारा कोण सोडेल?

तुम्हाला त्याचा काटा काढायचा असेल तर तो नसल्यासारखी टीम करू नका, तो असणारच असं धरून करा. किंगॅम्बिटची डिफायंट अबिलिटी घ्या. इंटिमिडेटनं हल्ला एक पायरी उतरतो, डिफायंट दोन पायऱ्या चढवते, म्हणजे हिशेबानं दीडपट हल्ला घेऊन तो उभा. मग इनसिनरोअरवाल्याला त्याला आत आणायचीच भीती. किंगॅम्बिट नुसता सहांत दिसला तरी समोरचा चार निवडताना अडखळतो, त्याला दरवेळी उतरवायचीही गरज नाही. मला विचाराल तर पहिले काही आठवडे लोक मोठे मेगा घेऊन येतील, मग त्यांना अडवायला इनसिनरोअर वाढतील, आणि ते वाढले की किंगॅम्बिटसारख्यांचे दिवस येतील. या साखळीत एक घर पुढे उभं राहायचं, दोन घरं नाही. दोन घरं पुढे गेलेला माणूस अजून न आलेल्या शत्रूची तयारी करत बसतो आणि आज समोर असलेल्याकडून हरतो.

तुम्ही सगळ्यांना प्रश्न विचारता. स्वतःची सहाची यादी द्या की. उद्या गेम आला तर काय घेऊन उतराल? – सोलापूर

सोलापूरकर सरळ विचारतात, सरळ सांगते. परवानगीची यादी कशी निघते त्यावर यातलं एखादं नाव गळेल, पण आज माझे सहा असे : मेगा चारिझार्ड वाय, कंगास्खान, गार्चॉम्प, व्हेनुसॉर, इनसिनरोअर, किंगॅम्बिट. (चिंचवडच्या दादा, तुझे तिघे ठेवलेत बघ.)

मुख्य जोडी चारिझार्ड आणि व्हेनुसॉर. चारिझार्ड मेगा वाय झाला की ड्रॉटनं ऊन पडतं. उन्हात आगीचा मार दीडपट, आणि त्याचा विशेष हल्ला १५९. हीट वेव्ह दोघांनाही भाजते, सोलर बीमला ताकद साठवत एक डाव थांबावं लागत नाही. बाजूचा व्हेनुसॉर, क्लोरोफिल अबिलिटीचा, उन्हात दुप्पट वेगानं धावतो. मूळ ८०, पूर्ण सरावानं १३२, दुप्पट २६४. झोपेची पूड टाकायला एवढा वेग पुरे. ती दर वेळी लागत नाही, तो जुगार मला मान्य आहे.

पावसाची टीम आली की पुष्कळ जण चारिझार्डला बाकावर बसवतात. मला ते पटत नाही. पेलिपरचा पाऊस तो मैदानात येताच सुरू होतो. मेगा मात्र त्यानंतर, चाली निवडून झाल्यावर व्हायचं असतं. ज्याचं हवामान नंतर येतं ते टिकतं. म्हणजे पहिल्याच डावात तो पाऊस पुसून ऊन माझं. आता पेलिपरला पाऊस परत हवा असेल तर बाहेर जाऊन पुन्हा आत यावं लागेल, आणि त्या येण्याजाण्यात समोरच्याचा डाव खर्च होतो. समोरच्यानं ओळखून पेलिपर मागे ठेवला तर मीही मेगा होण्याची घाई करत नाही. साधा चारिझार्ड एक डाव मार अडवणारी चाल वापरून काढतो, पेलिपर आला की मग मेगा. हा खेळ दोघांच्या संयमाचा होतो आणि मला त्यात फार मजा येते.

गार्चॉम्पची जागा चारिझार्डच्या शेजारी. त्याच्या अर्थक्वेकचा दणका स्वतःच्या जोडीदारालाही बसतो, पण चारिझार्ड हवेत असल्यामुळे त्याला काही होत नाही. इनसिनरोअर किंवा किंगॅम्बिटशेजारी तीच चाल म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. चारिझार्डला खडकाचा मार चौपट लागतो, ते या टीमचं उघडं दुखणं आहे. समोर रॉक स्लाइडवाले दोन दिसले तर चारिझार्ड बाहेर, कंगास्खान आत, बरोबर इनसिनरोअरऐवजी गार्चॉम्प, कारण खडक त्याला निम्माच लागतो. दुसरा मेगा ठेवायचा तो असल्या दिवसासाठी. किंगॅम्बिटबद्दल वर सांगितलंय. व्हेनुसॉरचाही मेगा आहे, पण स्टोन मी त्याला देणार नाही.

माझा आवडता पॅचिरिसू. मित्र हसतात. त्याला टीममध्ये घेतलं तर चालेल का? – सांगली, इयत्ता आठवी

मित्रांना २०१४ ची वॉशिंग्टनची जागतिक स्पर्धा दाखव. दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क पॅचिरिसू घेऊन खेळला आणि जगज्जेता झाला. गार्चॉम्पच्या सगळ्या मूळ आकड्यांची बेरीज ६००, पॅचिरिसूची ४०५. पण पार्कनं तो लाडका म्हणून घेतला नव्हता. त्याच्या टीममध्ये ग्याराडोस होता, पाणी आणि फ्लाइंग, विजेचा मार चौपट. पॅचिरिसू फॉलो मी करून ती वीज स्वतःकडे ओढायचा, आणि व्होल्ट अब्झॉर्बमुळे त्याला वीज लागत तर नाहीच, वर तब्येत सुधारते.

तेव्हा तू मला आधी सांग, तुझ्या टीममध्ये विजेला घाबरणारा मोठा गडी कोण आहे? असला तर पॅचिरिसू घे, बिनधास्त. नसला तर आधी तो शोध. आणि नव्या गेममध्ये सुरुवातीला सगळेच पोकेमॉन असणार नाहीत असं सांगितलं गेलंय, म्हणून पॅचिरिसू यादीत आहे का तेही बघ.

स्विच नाही, घ्यायचा विचारही नाही. मोबाइलवर येईपर्यंत काय करू? – पणजी

आपल्याकडे स्विच बहुतेक बाहेरून मागवलेलाच मिळतो आणि किंमतही तशीच असते, तेव्हा थांबताय ते बरोबर करताय. तोवर ब्राउझरवर पोकेमॉन शोडाउन फुकट खेळता येतं, साध्या फोनवरही चालतं. तिथे मेगा चालणारा नॅशनल डेक्सचा दुहेरी प्रकार निवडा. सगळं हुबेहूब नव्या गेमसारखं असणार नाही, पण दोघांवर पडणारी चाल, फेक आउटची वेळ, मेगा कधी व्हायचं, हे हातात बसायला पुरेसं आहे. जुन्या गेममधले पोकेमॉन असतील तर 'पोकेमॉन होम' अॅपमध्ये जपून ठेवा, नवा गेम त्याला जोडला जाणार आहे. आणि हरलेल्या लढतींचे रिप्ले साठवा. पुढच्या अंकासाठी त्यातला एखादा मला पाठवलात तर इथेच डावागणिक उलगडून दाखवीन, तुमचं नाव न घेता.